कोयनेच्या पाण्यामागे : बामणोली ते चिपळूण

महाबळेश्वरच्या डोंगरावरून निघणाऱ्या पाच नद्यांपैकी कोयना दक्षिणेची वाट धरते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून साठ-पासष्ट किलोमीटर उतरत येते, हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या थोडं अलीकडे धरणाची भिंत आहे आणि तिच्यामागे डोंगरांच्या घड्याघड्यांत शिरलेला शिवसागर जलाशय. आज त्यात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. महाबळेश्वरला आलेले पर्यटक तापोळ्याला उतरतात, अर्धा तास बोटीत बसतात आणि परत वर जातात. कोकणात जाणारे कोयनानगरला गाडी थांबवून लांबून भिंतीचा फोटो काढतात. मीही हा जलाशय आजवर असाच तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. या मे महिन्यात मात्र वरच्या टोकापासून सुरुवात करून, त्याचं पाणी डोंगराच्या पलीकडे जिथे बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं ठरवलं.

सोबत मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि त्याचे वडील. काकांचं गाव या पाण्याखाली आहे. गाव सुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. शासनाने दिलेली जमीन सोलापूर जिल्ह्यात होती, कोरडवाहू. भातशेतीच्या डोंगरी माणसांचं तिथे मन लागलं नाही आणि पोटही भरलं नाही. सोळाव्या वर्षी काका मुंबईला मस्जिद बंदरला गोणी उचलायला गेले, पुढे बाजार वाशीला हलला तसे वाशीला आले आणि माथाडी म्हणूनच निवृत्त झाले. जावळी आणि पाटण तालुक्यातल्या हजारो घरांची हीच कथा आहे. जलाशय बघायला निघताना काका सोबत असणं हेच या प्रवासाचं मोठं भाग्य होतं.

शुक्रवार : सातारा, कास, बामणोली

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. फुलांच्या दिवसांत इथे पाऊल ठेवायला जागा नसते. मे महिन्यात पठार तांबूस, रखरखीत आणि रिकामं असतं, आणि मला ते असंही आवडतं, कारण तेव्हा खालचा जांभा खडक दिसतो. त्या खडकावरच्या चार बोटं मातीत ऑगस्ट-सप्टेंबरचा सगळा सोहळा उभा राहतो. पठाराच्या पुढे कास तलाव. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा तलाव आजही सातारा शहराला पाणी देतो. इथून शहरापर्यंत पाणी उतारानेच जातं. काकांनी गाडी थांबवायला लावली, तलावाकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे बघ, ह्या तळ्यानं कुणाचं गाव न्हाई बुडवलं."

कासच्या पुढे रस्ता एकदम खाली कोसळतो. वळणावळणावर डाव्या हाताला पाणी दिसायला लागतं. आधी एक निळी पट्टी, मग डोंगरांच्या मधून वाकत गेलेले तिचे फाटे. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काठाने लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला होता. त्या मातीवर आडव्या रेघा होत्या, समांतर, एकाखाली एक. पाणी जसजसं खाली गेलं तसतसा काठ त्याची खूण ठेवत गेला होता. ऑक्टोबरपासून किती पाणी वापरलं गेलं याचा हिशेबच त्या उतारावर उमटला होता. काही ठिकाणी त्या पट्ट्यात गाळपेर झालेली दिसली. पाणी सरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं आणि जूनच्या आत काढून घ्यायचं. स्वतःच्या बुडालेल्या वावरात वर्षातले थोडेच महिने शेती करायची.

बामणोलीत मुक्काम एका घरात केला. जेवायला तांदळाची भाकरी, धरणातल्या माशाचं कालवण आणि कैरीचं लोणचं. जत्रांचा हंगाम असल्याने गाव मुंबईकरांनी भरलं होतं. वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीहून आलेली पोरं अंगणात खाटा टाकून गप्पा मारत होती. काकांची ओळख निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुणाच्या तरी चुलत्याबरोबर त्यांनी गाळ्यावर काम केलेलं होतं.

शनिवार : वासोटा

सकाळी सहाला लाँचवर. बामणोलीच्या बोट क्लबवर नावं नोंदवायची, वन विभागाची परवानगी घ्यायची, मग लाँच मिळते. सुट्टीचे दिवस असतील तर लवकर जाणं शहाणपणाचं, कारण वासोट्यावर मुक्कामाला बंदी आहे आणि संध्याकाळच्या आत खाली परतावंच लागतं. काका वर चढणार नव्हते, पण लाँचमधून पलीकडे यायचा त्यांचा हट्ट होता. तो दादाने मोडला नाही हे बरं केलं.

सोळशी, कोयना आणि कांदाटी या नद्यांचं पाणी जिथे एक होतं तिथे जलाशय अचानक मोठा होतो. लाँच मधोमध आली की चारही बाजूंना नुसते डोंगर आणि पाणी. लाँचवाला चाळिशीचा होता, इथेच जन्मलेला. तो म्हणाला, "लोकं म्हणत्यात किती भारी जागा हाय. भारी हायच. पण बाळंतीण असू दे न्हाईतर आजारी म्हातारं माणूस, आम्हाला पाण्यातनंच न्यावं लागतंय. लाईट आली ती पण लई उशिरानं." ज्या पाण्यावर राज्याचे दिवे लागतात त्या पाण्याच्या काठावर दिवा उशिरा यावा, हे ऐकताना माझं मन खट्टू झालं.

काका लाँचच्या पुढच्या टोकाला उभे होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी हात केला. "ती टेकडी दिसतीय ना, दोन पिंपळासारखी झाडं हायेत ती? तिच्या खाली. देऊळ, मग आमची आळी, मग नदी." त्या जागी पाण्याशिवाय काहीही नव्हतं. "पाणी फार खाली गेलं की देवळाचा माथा दिसतो. यंदा न्हाई दिसायचा, अजून लई पाणी हाय." लाँचवाल्याने काही न सांगता इंजिनचा वेग कमी केला. काकांनी खिशातून सुपारी काढली, कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

धरणाने शंभरावर गावं हलवली. पुनर्वसन साताऱ्यासह सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरलं गेलं. भाऊबंद एका ठिकाणी राहिले नाहीत आणि पुष्कळांना जमीन पूर्ण मिळालीच नाही. धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाने, डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली, कोयनानगरला यासाठी अलीकडेपर्यंत दीर्घ आंदोलनं केली आहेत. साठ वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न लोंबकळतो आहे! नंतर अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा काठावर उरलेल्या काही गावांना पुन्हा हलावं लागलं. आम्ही जिथे उतरलो ते मेट इंदवली त्यांतलंच एक. तिथे आता वन विभागाची चौकी आहे.

पाणी उतरल्याने लाँच नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे थांबली. वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळातून चालत चौकीवर गेलो. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे सगळं मोजून लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात आणि परतताना तेवढंच परत आणलंय का ते पाहतात. असा कडक आणि साधा नियम आपल्या प्रत्येक गडावर असायला हवा. काका चौकीपाशी सावलीत बसले. मी आणि दादा निघालो.

पायथ्याला मारुती आणि गणपती. ओढा ओलांडला की जंगल सुरू होतं ते थेट माथ्याखालपर्यंत. बाहेर उन्हाने अंग भाजत होतं आणि आत, जांभूळ-हिरडा-अंजनीच्या छपराखाली, इतकी सावली की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला. अंजनीचा बहर ओसरत आला होता, तरी एका झाडाच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेले होते, थेट लाकडाला, पानांचा आधार न घेता. वाटेवर शेकरूने अर्धवट खाऊन टाकलेली फळं. ओढ्याकडून शीळ ऐकू येत होती, कस्तूराची. माणसाने विचारात हरवून शीळ वाजवावी तशी ती असते, सूर कुठेच पूर्ण होत नाही. पाऊस जवळ आला की हा पक्षी बोलायला लागतो. एका वळणावर गव्यांचे ताजे खूर उठलेली माती दिसली, तेव्हा आम्ही दोघेही आपोआप हळू बोलायला लागलो.

शेवटचा टप्पा उघड्यावरचा आणि खडा आहे. दोन-अडीच तासांनी माथ्यावर. बिनछपराचं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, महादेवाचं मंदिर, वाड्याची जोती. शिवरायांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं. राजापूरच्या वखारीतले इंग्रज इथे कैदेत होते. पुढे पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीने बापू गोखल्यांसारख्या सेनापतीपुढे हा गड कित्येक महिने झुंजवला. १८१८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचं कुटुंब इथेच नजरकैदेत होतं. त्याच वर्षी इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला.

बाबूकड्यावर आलं की समोर जुन्या वासोट्याचा उभा कातळ आणि मधली दरी. पण मला थांबवलं ते पश्चिमेच्या टोकाने. तिथून खाली कोकण दिसतं, सरळ खाली, हजार मीटर. मागे वळलं की पूर्वेला शिवसागर, जवळ आणि उंचावर. पाणी इथे, आणि तिथे खाली एवढा मोठा उतार. मधे फक्त ही डोंगराची भिंत. कोयनेच्या विजेची सगळी कल्पना या एका जागी उभं राहून कळते. टाटा कंपनीच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ही जागा हेरून ठेवली होती यात नवल नाही.

उतरताना दादाने करवंदांनी टोपी भरून घेतली. काकांना न्यायची म्हणाला. काकांनी ती सगळी चौकीतल्या पहारेकऱ्याबरोबर वाटून खाल्ली.

रविवार : तापोळा

लाँचने तापोळा. सुट्टीचा दिवस, त्यामुळे बोटींची रांग, मक्याची कणसं, भेळ, स्पीडबोटींचा आवाज. याला मिनी काश्मीर म्हणतात. मला हे नाव कधी पटलं नाही. या खोऱ्याला स्वतःचं रूप आहे, त्याला दुसऱ्या कुणाच्या नावाची गरज नाही. तरी इथल्या बोट क्लबमधून स्थानिक पोरांना गावातच रोजगार मिळतो, हे मोठं काम आहे. मुनावळ्याला शासनाने जलपर्यटन केंद्र सुरू केलं त्यामागेही हीच अपेक्षा आहे.

मला बघायचा होता तो तराफा. लोखंडी पिंपांसारख्या तरंगत्या धडावर सपाट फळी, त्यावर दोन-तीन जीपगाड्या, काही मोटरसायकली, सिमेंटची पोती, एक शेळी आणि पंधरा-वीस माणसं. कडेला इंजिन. समोरच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना जाण्याचा हाच मार्ग. रस्त्याने जायचं तर डोंगराला प्रचंड वळसा पडतो. आता मोठे पूल बांधायला घेतले आहेत. ते होतील तेव्हा या काठाचं आयुष्य बदलेल. तराफ्यावर कॉलेजातली एक मुलगी भेटली, पाठीवर सॅक. मी विचारलं, पूल झाल्यावर इथे गर्दी वाढेल, ते आवडेल का? तिने क्षणाचाही विचार केला नाही. "ताई, आधी पूल होऊ दे. गर्दीचं मग बघू."

दुपारून वळवाचा पाऊस झाला. बामणोलीला परत.

सोमवार : पाटण, कोयनानगर

बामणोलीहून कोयनानगर पाण्यावरून जवळ आहे, पण धरणालगतच्या भागात बोटींना बंदी आहे. सुरक्षेसाठी ती हवीच. म्हणून पुन्हा सातारा, महामार्गाने उंब्रज, मल्हारपेठ, पाटण. पाटणच्या डोक्यावर वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसायला लागतात. दादाला ताकसुद्धा थांबून पिऊ दिलं नाही, कारण मला उजेडात धरण बघायचं होतं.

नेहरू स्मृती उद्यानातून भिंत समोर दिसते. १०३ मीटर उंच, ८०० मीटरहून थोडी जास्त लांब. मधे सांडव्याचे सहा दरवाजे. दरवाजांतून पाणी सुटलेलं बघायला पावसाळ्यात गर्दी उसळते. आत्ता सगळं कोरडं होतं. दगड-काँक्रिटचा करडा रंग, त्यावर वाढलेलं शेवाळ वाळून काळं झालेलं, आणि भिंतीच्या उतरत्या पाठीवर दोन्ही अंगांना काँक्रिटचे जाड टेकू. ते टेकू मूळ आराखड्यात नव्हते.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची घरं भुईसपाट झाली. धरण टिकलं. मात्र भिंतीच्या उंच भागात, जिथे मागचा उतार बदलतो त्या पातळीला, तडे गेले. हे धरण कोसळलं असतं तर पाटण, कऱ्हाड, सांगली यांचं काय झालं असतं हा विचारच करवत नाही. ज्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी नंतरच्या काळात ते तडे भरले आणि भिंतीला टेकू दिले त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, पण खालच्या लाखो माणसांची झोप त्यांच्यावर उभी आहे.

काका तेव्हा मस्जिद बंदरच्या गाळ्यावर झोपले होते. "फळीवरचे डबे खाली आले. समदी रस्त्यावर. सकाळी कळलं, कोयना हालली. मी म्हटलं, आमी तिथं असतो तर..." ते पुढे बोलले नाहीत. मुंबईपर्यंत धक्का जाणवला होता, आणि कोयनेची वीज तुटल्याने कारखानेही थांबले होते.

त्याआधी हा दख्खनचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठायला लागलं आणि धक्के सुरू झाले. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचं जगातलं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण म्हणून आज कोयनेचं नाव घेतात. डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी आयुष्य त्यात घातलं. भूकंप जिथे जन्मतो तिथे जवळ जाऊन पाहावं म्हणून गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल वेधछिद्र घेतलं आहे, आणि कऱ्हाडजवळ त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. इथे अजूनही अधूनमधून हादरे बसतात. चहाच्या टपरीवरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "भांडी वाजली की कळतं. मग बघायचं, थांबलं का. थांबलं की कामाला लागायचं."

संध्याकाळी टपरीवर पेपर चाळला. साताऱ्याच्या प्रत्येक दैनिकात कोयनेचा साठा छापलेला असतो, पावसाळ्यात त्याच्या जोडीला कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस. इथली माणसं तो आकडा रोज पाहतात. इथलं जलवर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे ला संपतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे विजेसाठी ६७.५ टीएमसी पाणी न्यायची मर्यादा घालून दिली आहे. उरलेलं पूर्वेला. पायथ्याच्या छोट्या वीजगृहातून नदीत, नदीतून कृष्णेत, तिथून ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांवाटे सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. त्यामुळे दर मे महिन्यात तोच प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यात विजेची मागणी शिगेला आणि माणदेशातली पिकंही वाळायला आलेली. पाणी एकच. पश्चिमेला सोडलेलं पाणी परत पूर्वेला आणता येत नाही, ही गोष्ट टीव्हीवरच्या चर्चेत फार क्वचित ऐकू येते.

मंगळवार : नवजा, कुंभार्ली, पोफळी, चिपळूण

सकाळी नवज्याला. पावसाळ्यात इथे राज्यातला सर्वाधिक पाऊस पडल्याच्या बातम्या येतात. ओझर्डे धबधबा आत्ता नुसता ओला कातळ. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. अजून त्या डोंगरांवर ओरबाडल्यासारखे लाल पट्टे दिसतात. मिरगावच्या रस्त्याने जाताना आम्ही कुणीच बोललो नाही.

पश्चिमेचं पाणी नवज्याच्या बाजूनेच बोगद्यात शिरतं. कोयना वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या वेळी इथे जे काम झालं त्याबद्दल मला विलक्षण आदर आहे. बोगदा जलाशयाच्या तळाखाली आतून खणत न्यायचा, तळाला खडकाचा थोडका पडदा शिल्लक ठेवायचा, आणि मग धरण रिकामं न करता एका स्फोटात तो पडदा उडवायचा. १३ मार्च १९९९ ला हे लेक टॅपिंग यशस्वी झालं. आशियातलं ते पहिलंच असं सांगितलं जातं. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा केलं, म्हणजे पाणी आणखी खाली गेलं तरी वापरता यावं. मराठी अभियंत्यांनी इथे जे साधलं ते आपल्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

हेळवाकवरून कुंभार्ली घाट. वरच्या वळणावर थांबलो. वासोट्यावरून दिसलेलं कोकण आता जवळ आलं होतं. हवा बदलते हे अंगाला कळतं. घाम चिकट होतो. घाट उतरलं की पोफळी.

वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. बाहेरून दिसतात ती फाटकं, तारांचे मनोरे आणि स्विचयार्ड. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत आणि आम्ही ती आधी घेतली नव्हती. पण फाटकाजवळच्या हॉटेलात एक निवृत्त कर्मचारी भेटले. तीस वर्षं त्यांनी आत पाळी केली होती. त्यांनी टेबलावर बोटाने नकाशा काढला. वर जलाशय, मग डोंगरातून पावणेचार किलोमीटरचा बोगदा, मग उभट पोलादी नळ. साधारण पावणेपाचशे मीटर खाली येऊन पाणी पेल्टन चाकाच्या, म्हणजे जनित्र फिरवणाऱ्या टर्बाइनच्या, पळ्यांवर आदळतं. "पाणी दिसत नाही हो. थरथर कळते. पायाखालची फरशी सांगते मशीन बरोबर चाललंय की नाही." औष्णिक केंद्र बंद पडलं तर ते पुन्हा पूर्ण जोमात यायला तासन्‌तास लागतात, इथे झडप उघडली की काही मिनिटांत वीज तारेवर. म्हणून संध्याकाळी सगळ्या राज्यात एकदम दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात तेव्हा कोयनेला हाक जाते. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला.

काका हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आत गार असतंय का?" ते म्हणाले, हो, बाहेर आग असली तरी आत बरं वाटतं. काकांनी मान हलवली. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं, पण थोड्या वेळाने ते दादाला म्हणाले, "आमचं पाणी निदान नीट वापरत्यात. बघणारी माणसं चांगली हायेत."

पोफळीहून बाहेर आलेलं पाणी लगेच सोडून देत नाहीत. ते कोळकेवाडीच्या धरणात अडवतात, चौथ्या टप्प्याचं पाणीही तिथेच येतं, आणि अलोऱ्याच्या वीजगृहात त्यावर पुन्हा ३२० मेगावॉट वीज निर्माण होते. नंतर उरतं ते अवजल. ते वाशिष्ठीत जातं. वाशिष्ठी खरं तर पावसाळी नदी, पण या अवजलामुळे बारमाही वाहते आणि चिपळूण शहर, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत तिच्यावर जगतात. वीजनिर्मिती काही कारणाने थांबली की वाशिष्ठीची पातळी उतरते आणि चिपळूणच्या नळांना ओढ लागते.

दुपारी चिपळूणच्या बाजारपेठेत जेवलो. हॉटेलच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, रंगाची एक रेघ होती आणि खाली लिहिलं होतं : २२ जुलै २०२१. मालक म्हणाले, रात्रीतून पाणी आलं, वरच्या मजल्यावर दोन दिवस काढले. अतिवृष्टी, भरती, नदीत साठलेला गाळ आणि कोळकेवाडीतून सोडलेलं पाणी यांचा त्यात कुणाचा किती वाटा यावर तेव्हा खूप वाद झाला. नंतर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं. "उन्हाळ्यात नदीला पाणी हवं म्हणून देव पाण्यात, पावसाळ्यात नको म्हणून देव पाण्यात," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? काकांनी गावाचं नाव सांगितलं. मालकांना ते ठाऊक नव्हतं, असणारच कसं. काकांनी शांतपणे समजावून सांगितलं की गाव कोयनेत गेलं, आणि तुमच्या नळाला येतं ते पाणी आमच्या वावरांवरून येतं. मालकांनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. काकांनी खूप आग्रह केला, तरीही नाही.

कोयनेचं अवजल पुढे मुंबईला न्यायच्या योजना अधूनमधून मांडल्या जातात. इतकं गोडं पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं, तेव्हा असा विचार होणं साहजिक आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण या पाण्यावर नवी पाइपलाइन पडण्याआधी ज्यांच्या सातबाऱ्यावरून हे पाणी सुरू झालं त्यांची जमिनीची प्रकरणं निकाली निघाली पाहिजेत. काकांची फाइल त्यांच्या वडिलांच्या नावाने सुरू झाली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कागद घेऊन बोलावलं आहे. मीही त्यांच्यासोबत साताऱ्याला जाणार आहे.